‘बेडा’ म्हणणाऱ्या मुलाचे ऐकायचे कोणी?

प्रश्न: खानापूरची आई

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा होता होता त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले आणि गेल्या तीन महिन्यांपासून मी त्याला बेळगावातल्या एका केंद्रात वर्तनोपचारासाठी, म्हणजे तिथे सगळे ज्याला एबीए म्हणतात त्यासाठी, घेऊन जाते. खानापूरहून सकाळची बस धरायची, साडेनऊला केंद्रात पोहोचायचे आणि दीड वाजता परत निघायचे, असे आठवड्यातून पाच दिवस चालते. हे वीस तास झाले. आता केंद्राने तीस तास करायला सांगितले आहे. सहा वर्षांच्या आत जितके तास भरतील तितका फायदा, नंतर हळहळून उपयोग नाही, असे ते म्हणतात. तासांपेक्षाही मला जे सलते आहे ते वेगळे आहे आणि ते नीट सांगण्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाजवळ कुकरची एक जुनी, सैल पडलेली रबरी रिंग असते. ती तो मनगटात घालतो, बोटावर फिरवतो, झोपताना गालाखाली घेतो. पहिल्या आठवड्यात केंद्रातल्या बाईंनी विचारले, की याला सगळ्यांत जास्त काय आवडते. मी सरळ मनाने सांगितले, की ही रिंग. त्या दिवसापासून तो आत गेला की रिंग काढून घेतली जाते. ‘टच नोज’ म्हटल्यावर त्याने नाकाला हात लावला की दहा सेकंद रिंग हातात मिळते आणि मग पुन्हा काढून घेतली जाते. ‘लुक ॲट मी’ म्हटल्यावर डोळ्यांत पाहिले की पुन्हा दहा सेकंद. हात फडफडवले की ‘हँड्स डाउन’ म्हणून दोन्ही हात टेबलावर दाबून धरतात. पालकांनी बाहेर बसायचे असा नियम आहे, पण दाराला काचेची एक अरुंद पट्टी आहे आणि एके दिवशी मी तिच्यातून पाहिले. तो खुर्चीतून उठू पाहत होता आणि ‘बेडा, बेडा’ असे स्पष्ट म्हणत होता. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, त्यांच्या अंगणात तो रोज संध्याकाळी असतो. तिथेच हा शब्द त्याने उचलला असणार. ‘नको’ तो मराठीत अजून म्हणत नाही, कन्नडमध्ये म्हणतो. त्या दिवशीच्या वहीत नोंद होती: ‘सूचना न पाळणे, 14 वेळा’. ‘बेडा’ या शब्दाची नोंद कुठेच नव्हती.

काहीच फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही. तो आता वीस मिनिटे खुर्चीवर बसतो आणि विचारले तर ‘वॉटर’ म्हणतो. सासूबाईंना त्याचा फार आनंद झाला आहे. पण रात्री तो दोन-तीनदा दचकून उठतो, मनगटाला चावतो आणि केंद्राच्या गल्लीकडे वळलो की रस्त्यातच आडवा होतो. मी विचारले तेव्हा मला सांगण्यात आले, की रडण्याकडे लक्ष दिले तर रडणे वाढते, म्हणून घरीही दुर्लक्ष करा. आणि त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला.

मी जे पाहिले ते उपचारातले नेहमीचेच आहे आणि माझेच मन हळवे आहे, की यात खरोखर काही चुकते आहे? ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर: विशेष शिक्षिका, शहापूर

ताई, तुमचे मन हळवे आहे म्हणून हे दिसले असेल तर ते हळवेच राहू द्या. मी सोळा वर्षे विशेष मुलांना शिकवते आहे. त्यातली पहिली काही वर्षे मीही मुलांचे हात टेबलावर दाबून धरले आहेत, कारण मला तसेच शिकवले होते. त्यामुळे तुमच्या केंद्रातल्या मुलींना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्या जे करत आहेत ते थांबायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पद्धत कुठून आली हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ओले इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात ती ऑटिस्टिक मुलांवर वापरायला सुरुवात केली. त्या काळात बक्षिसांच्या जोडीला आरडाओरडा, चापट्या आणि काही प्रयोगांत विजेचे झटकेही होते. ज्या अभ्यासामुळे ही पद्धत जगभर पसरली तो 1987 साली प्रसिद्ध झाला. त्यात 19 मुलांना आठवड्याला सुमारे 40 तास उपचार दिले गेले आणि त्यांतली 9 मुले पुढे सर्वसाधारण वर्गात इतरांच्या बरोबरीने शिकू लागली, असा निष्कर्ष काढला गेला. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत तासांचा जो मोठा आकडा दिसतो त्याचे मूळ इथे आहे. मात्र त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निःपक्षपाती पद्धतीने झाली नव्हती, आणि त्या उपचारात मुलावर जोराने ‘नो’ असे ओरडणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे याचाही समावेश होता. ही गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते.

मारणे आज बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे, हे मान्य करायला हवे. जगातही एकाच ठिकाणची गोष्ट कायम चर्चेत असते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली एक संस्था अंगावर बांधलेल्या यंत्रातून झटके देत आली आहे. तिथल्या सरकारी औषध नियंत्रकांनी 2020 साली त्या यंत्रावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती बंदी रद्द केली. तुमच्या मुलाच्या बाबतीत असे काहीही होत नाही, त्यामुळे त्या गोष्टीने घाबरून जाऊ नका. पण शिक्षा गेली तरी तिच्या मागची समजूत राहून गेली आहे. मोठ्या माणसाने सांगितले की मुलाने करायचे, आणि तो करत नसेल तर करेपर्यंत त्याची आवडती गोष्ट आपल्या ताब्यात ठेवायची, ही ती समजूत. कुकरची रिंग हे तुमच्या मुलासाठी बक्षीस नाही. घाबरलेल्या, अनोळखी खोलीत बसलेल्या मुलाचा तो आधार आहे. आधार काढून घेऊन दहा-दहा सेकंदांच्या हप्त्यांनी परत देणे हे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही, मग त्यातून शंभर शब्द निघोत.

आता तासांविषयी. 2018 साली कॉक्रेन या संस्थेने लहान वयातल्या सघन वर्तनोपचारावरचे अभ्यास तपासले, तेव्हा निकषांत बसणारे फक्त 5 अभ्यास निघाले. त्यांत मिळून 219 मुले होती आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास एकच होता. भाषा, बुद्ध्यांक आणि रोजची कामे यांत काही सुधारणा दिसते, पण पुरावा कमकुवत आहे, असे त्यांनी लिहिले. 2024 साली 144 अभ्यासांतल्या 9038 मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा जास्त तास म्हणजे जास्त फायदा असा संबंध आढळला नाही. तेव्हा ‘तीस तास नाही केले तर वेळ हातची गेली’ हे वाक्य आईच्या मनात भीती घालण्यापलीकडे काही करत नाही. तुम्हाला खानापूरहून यावे लागते. जाण्यायेण्यात गेलेला वेळ मोजला तर त्या लेकराला अंगणात खेळायला, मातीत बसायला, कंटाळायला दिवस उरतो कुठे?

आणखी एक गोष्ट सांगते, जी कळली तेव्हा मला सगळ्यांत जास्त धक्का बसला होता. लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या उपचारांचे 150 अहवाल 2021 साली तपासले गेले. त्यांपैकी 139 अहवालांत दुष्परिणामांचा शब्दही नव्हता. साध्या तापाच्या औषधालाही आपण विचारतो, की याने पोटात आग पडेल का. इथे मूल रात्री दचकून उठते, मनगट चावते, तर ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. तुमच्या वहीत ‘सूचना न पाळणे, 14 वेळा’ असे लिहिले आहे. मी त्या जागी असते तर लिहिले असते, ‘नकार दिला, 14 वेळा, शब्दांत’. साडेचार वर्षांच्या, जेमतेम बोलणाऱ्या मुलाने परक्या खोलीत योग्य शब्द योग्य जागी वापरला, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी प्रगती होती आणि ती चूक म्हणून नोंदली गेली.

केंद्रात जाऊन भांडू नका, पण चार गोष्टी विचारा. मला आत बसता येईल का? शिकवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि कोणत्या शिक्षणावर? तुमचे ध्येय काय आहे आणि ते माझ्या मुलाच्या कोणत्या उपयोगाचे आहे? आणि तो नको म्हणाला तर तुम्ही काय करता? चौथ्या प्रश्नाला त्या अडखळल्या तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळेल.

उत्तर: निपाणीचा एक बाप

वरच्या बाईंच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही इथे यायला हवी, म्हणून लिहितो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पाच वर्षांची असताना ती हात सुटला की पळायची, आणि आमचे घर पुणे-बेंगळूरू महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. एकदा एका ट्रकचालकाने ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. त्या रात्री तिच्या आईने दाराला आतून कुलूप लावले आणि पुढे दीड वर्ष आमचे घर कुलपातच राहिले.

आम्ही तिला कोल्हापूरला वर्तनोपचारासाठी नेऊ लागलो. आठवड्यातून दोनच दिवस, एकेक तास. तिथल्या मॅडमनी सगळ्यात आधी ती का पळते हे शोधले. महिनाभर त्यांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतले, की पळण्याआधी काय घडले, पळाल्यावर काय घडले. असे लक्षात आले, की घरात मिक्सर सुरू झाला किंवा पाहुणे मोठ्याने बोलू लागले की ती दाराकडे जाते. मग त्यांनी तिला शिकवले, की आवाज सहन होत नसेल तर मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटायचे. ती तिकडे गेली की तिला कोणीही बोलावायचे नाही, हा नियम आम्हाला, विशेषतः माझ्या भावाला, शिकायला जास्त वेळ लागला. रस्त्याच्या कडेला थांबणे त्यांनी आधी अंगणात खडूने रेघ ओढून, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर शिकवले. संडासला जाण्याच्या कामाचे त्यांनी अकरा तुकडे केले आणि एकेक तुकडा तिच्या अंगवळणी पाडला. आज ती स्वतः जाते. मुलगी मोठी होत असताना या एका गोष्टीचे मोल काय असते ते ज्यांच्या घरात मुलगी आहे त्यांना सांगायला नको.

हेही एबीएच होते. त्यात बक्षीसही होते, गुळपापडीचा तुकडा. पण तिच्या हातातून त्यांनी कधी काही काढून घेतले नाही, आणि डोळ्यांत बघ असे एकदाही म्हटले नाही. म्हणून माझी विनंती आहे, की पद्धत वाईट आहे असे ऐकून पालकांनी हात आखडता घेऊ नये. आमच्या निपाणी-चिक्कोडीकडे आधीच काही मिळत नाही. जे मिळते तेही वाईट ठरवले तर मागे फक्त मारणे आणि बांधून ठेवणे उरते, आणि ते मी नात्यातच पाहिले आहे.

उत्तर: विशेष शिक्षिका, शहापूर

दादा, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार कळवा. तुम्ही लिहिलेले वाचून मला माझे वरचे लिखाण थोडे सुधारून घ्यायचे आहे. त्यांनी मुलीच्या पळण्याला कारण असते असे धरले, कारण शोधले आणि तिला पळण्याऐवजी दुसरी, सुरक्षित वाट दिली. ध्येयही तिच्या जिवाचे आणि तिच्या अब्रूचे होते. खानापूरच्या ताईंच्या मुलाला बेळगावच्या केंद्रात नाकाला हात लावायला शिकवले जाते आहे. नाकाला हात लावून त्याचे कोणते काम होणार आहे? दोन्हींना एकच नाव आहे, म्हणून नावावरून निर्णय घेऊ नये हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

उत्तर: उद्यमबाग

मी एकोणतीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. बोलण्यापेक्षा मला लिहिणे सोपे जाते. या विषयावर पालक आणि शिक्षक नेहमी लिहितात, ज्यांच्यावर उपचार झाले ते क्वचित लिहितात, म्हणून मी लिहितो आहे. मी सर्व ऑटिस्टिक माणसांच्या वतीने बोलत नाही.

सात ते दहा या वयात मला उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोठ्या शहरात नातेवाइकांकडे ठेवून उपचार दिले गेले. माझ्या आईवडिलांनी त्यासाठी शेताचा तुकडा गहाण टाकला होता आणि त्यांच्या प्रेमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे हात मांडीखाली दाबून बसायला शिकवत. मी ते इतके चांगले शिकलो, की आजही बैठकीत अस्वस्थ झालो की माझे हात आपोआप मांडीखाली जातात आणि मग मला समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. हात हलवत असताना मला ऐकू येते. त्यांनी माझे ऐकण्याचे साधन काढून घेतले आणि मी आता लक्ष देतो असे वहीत लिहिले. डोळ्यांत पाहण्याबद्दलही तेच. मी समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे पाहायला शिकलो, त्यांनी शाबासकी दिली, आणि खोटे दाखवले की शाबासकी मिळते हे मी त्या वयात शिकून घेतले.

सर्वांत जास्त नुकसान याहून वेगळ्या गोष्टीने झाले. मला तीन वर्षे हे शिकवले गेले, की मोठ्या माणसाने सांगितले की करायचे, त्याने हात धरला तर सोडवून घ्यायचा नाही आणि आपल्याला बरे वाटते की नाही हे विचारात घ्यायचे नाही. मी पंधरा वर्षांचा असताना आमच्या ओळखीच्या एका मोठ्या मुलाने त्याचा गैरफायदा घेतला. काय झाले ते मी इथे लिहिणार नाही. मला नको होते आणि नको कसे म्हणायचे ते मला येत नव्हते, एवढेच लिहितो. ज्या मुलाला नको म्हणता येते त्याचे हे रक्षण कोणी पैसे देऊन विकत घेऊ शकत नाही. ताई, तुमच्या मुलाला ते येते. ते कन्नडमध्ये येते म्हणून काय झाले?

उपचारच नकोत असे माझे मत नाही. मला बसमध्ये चढणे, सुट्टे पैसे मोजणे, फोनवर बोलणे कोणीतरी पायरी-पायरीने शिकवायला हवे होते आणि ते कोणी शिकवले नाही, कारण सगळा वेळ मी इतरांसारखा दिसावा यात गेला. 2012 साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकांनी मांडले, की आम्हाला इतरांचे कळत नाही तसेच इतरांनाही आमचे कळत नाही. हे वाचले तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो आणि त्या रात्री झोपलो नाही, कारण तोवर सगळी कमतरता माझ्याच बाजूला आहे असे मला वाटत आले होते.

उत्तर: वाचाउपचारक, टिळकवाडी

भाषेच्या मुद्द्यावर कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. घरात मराठी बंद करा हा सल्ला आपल्या सीमाभागात मी दर महिन्याला ऐकते. तो चांगल्या हेतूने दिला जातो, पण त्याला आधार नाही. दोन भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवर जे अभ्यास झाले आहेत त्यांत दुसऱ्या भाषेमुळे मुलाचे बोलणे मागे पडते असे दिसलेले नाही. उलट, आई ज्या भाषेत विचार करत नाही त्या भाषेत बोलू लागली की तिचे बोलणेच कमी होते. ती ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढेच म्हणते. अंघोळ घालताना ‘अगं बाई, पाणी किती गार’ म्हणायची ती थांबते. मुलाला भाषा येते ती या वाक्यातून, आज्ञेतून येत नाही. इथे घरात मराठी, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि तुमच्या मुलाने पहिला खरा नकार अंगणातल्या भाषेत दिला याचे मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. अक्का त्याच्याशी काही काढून घेण्यासाठी बोलत नसतील.

‘वॉटर’ आणि ‘बेडा’ यांतला फरकही लक्षात घ्या. ‘वॉटर’ तो विचारल्यावर म्हणतो, ‘बेडा’ तो स्वतःहून म्हणतो. विचारल्यावर दिलेले उत्तर ही परीक्षा असते, स्वतःहून काढलेला शब्द हा संवाद असतो. घरी सुरुवात कुठून करायची म्हणाल तर या दुसऱ्या प्रकारच्या शब्दापासून करा. तो ‘बेडा’ म्हणाला की ‘नको? बरं, बास’ असे म्हणून खरेच थांबा. मराठी शब्द त्या कन्नड शब्दाच्या शेजारी आपोआप येऊन बसेल. पुठ्ठ्यावर उघड्या तळव्याचे चित्र काढून त्याखाली ‘बास’ लिहा आणि ते त्याच्या हाताला लागेल असे ठेवा, कारण घाबरलेल्या मुलाला शब्द आठवत नाही, चित्र मात्र उचलता येते. चित्रे दिली तर मूल बोलणार नाही अशी भीती बाळगू नका.

आणि तीस तासांना पर्याय काय असे विचाराल तर जवळचेच उदाहरण आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे 65 मुलांवर झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात खास पदवी नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाबरोबर खेळतानाचे चित्रण दाखवून, मूल काय पाहते, काय दाखवते, केव्हा वाट पाहते हे ओळखायला शिकवले. सत्रे होती 12. आईवडील मुलाच्या चालीने चालू लागले आणि मूल संवादाची सुरुवात स्वतः जास्त करू लागले. हा जादूचा उपाय नव्हे, आणि त्या अभ्यासात मुलांच्या सगळ्या अडचणी सुटल्या असेही नाही. पण त्यात आईला दाराबाहेर बसवलेले नव्हते.

कायद्याचेही एक वाक्य जवळ ठेवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे, की दिव्यांग मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबतींत आपले मत मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्याच्या वयाला व दिव्यांगत्वाला साजेशी मदत त्याला त्यासाठी मिळाली पाहिजे. ऑटिझम या कायद्यात समाविष्ट आहे. माझ्या केंद्रात मी हे वाक्य कन्नड आणि इंग्रजीत छापून भिंतीला लावले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: खानापूरची आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. उद्यमबागेच्या दादांचे लिखाण मी माझ्या पतीला मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी मधेच मला थांबवले आणि बाहेर जाऊन बसले. नंतर आत येऊन एवढेच म्हणाले, की पाळणाघर समजून सोडल्यासारखे आपण त्याला रोज तिथे सोडत होतो.

मी केंद्रात जाऊन चारही प्रश्न विचारले. नोंदणी प्रमुख बाईंची होती, रोज मुलाबरोबर बसणाऱ्या मुलीची नव्हती. तिने काही तासांचे ऑनलाइन प्रशिक्षण घेतले होते. ती वाईट नाही. चौथा प्रश्न विचारल्यावर तिने मान खाली घातली आणि म्हणाली, की आम्हाला थांबायची परवानगी नसते, वहीत टक्के भरावे लागतात. मला आत बसू द्यायला मात्र नकार मिळाला, इतर मुलांच्या खाजगीपणाचे कारण देऊन. मी रिंग तरी काढून घेऊ नका अशी विनंती केली. तसे केले तर कार्यक्रमच चालणार नाही असे उत्तर आले. त्या महिन्याचे पैसे परत मिळाले नाहीत आणि आम्ही ते केंद्र सोडून दिले.

सासूबाईंना हे पटलेले नाही. वीस मिनिटे बसणारे पोर आता पुन्हा पाच मिनिटांवर आले असे त्या रोज म्हणतात आणि ते खरेही आहे. मलाही रात्री भीती वाटते, की मी चुकले तर त्याची भरपाई कोण करणार. निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मी वही सुरू केली आहे, तो रस्त्यात केव्हा आडवा होतो आणि त्याआधी काय घडते याची. पंधरा दिवसांत एकदाच आडवा झाला, रेल्वेच्या फाटकापाशी, भोंगा वाजल्यावर.

गेल्या आठवड्यापासून आम्ही बेळगावातच दुसरीकडे, आठवड्यातून दोन दिवस जातो. मी खोलीत सतरंजीवर त्याच्या शेजारी बसते. रिंग त्याच्या मनगटात असते. पुठ्ठ्यावरचा तळवा मीच काढला, थोडा वाकडा झाला आहे. पहिल्या दिवशी त्याने तो तासाभरात अकरा वेळा उचलून दिला आणि बाई अकराही वेळा थांबल्या. दुसऱ्या दिवशी चार वेळा दिला. शेवटच्या वेळी तो पुठ्ठा त्याने बाईंना न देता माझ्या मांडीवर ठेवला, मनगटातली रिंग काढली आणि ती पुठ्ठ्यावर काढलेल्या तळव्याच्या बोटात बसते का ते पाहत राहिला.